एकच डाव

वेंगुर्ला बंदरावर बर्फाच्या कारखान्यात
माझी रात्रपाळी.
बारानंतर लाद्या गोठत राहतात आपल्या आपण
खाऱ्या पाण्यात सोडलेल्या पत्र्याच्या डब्यांत,
आणि मी मीटरच्या टेबलावर
पुतण्याचा जुना लॅपटॉप उघडून
ऐंशी लाख डाव चाळतो.

पहिली चाल. राजापुढचं प्यादं, दोन घरं.
छत्तीस लाख डाव.
एवढी गर्दी बांगड्याच्या लिलावालाही नसते.
दुसरी, तिसरी. काळा उंट बाहेर येतो,
पांढरी प्यादी त्याच्या अंगावर धावतात,
आणि आकडा उतरत जातो
ओहोटीला मांडवीची खाडी उतरते तसा,
आधी होडीपुरता, मग गुडघाभर,
मग नुसती रेव.
नऊ हजार. चारशे दहा. छत्तीस.
बाजूला टक्क्यांची पट्टी:
पांढरा जिंकला, बरोबरी, काळा जिंकला.

दाजी तांडेलाला दाखवलं एकदा.
बर्फाला आला होता, विडी विझवून वाकून बघत बसला.
"ह्येच्यात हरलेले पण आसतत?"
असतात की, म्हटलं. सगळे.
"मगे बरा. आमच्यात बुडालेलो
सांगूक येणा नाय."

अकरावी चाल. सहा डाव.
तेरावी. दोन.
चौदावी, काळा घोडा पटाच्या कडेला.
एक.

तो माझा आहे.
रत्नागिरी, दोन हजार अकरा, पाचवी फेरी.
केळुसकरमधला ळ गेलाय,
ज्या लिपीत तो डाव नोंदला
तिच्यात ळ नाहीच म्हणा.
गुणाजीचा नुसता ग राहिला.
निकाल: पांढरा. शंभर टक्के.

फेरीआधी मालकाचा फोन आला होता:
"कॉम्प्रेसर बंद पडलो रे, तू खंय आसस?"
बंदरात चार बोटी, पोटात मासळी,
आणि मी शंभर कोसांवर, मोजे घालून, घोडा हातात.
ते त्यात नाही.
घोडा मात्र आहे.

गेल्या रविवारी कुडाळला, शाळेच्या सभागृहात
समोर ऋद्धिता मोचेमाडकर, वय बारा,
दप्तरातून काढलेली पाण्याची बाटली पटाजवळ.
तिने ताडताड चाली केल्या.
तेरा चालींत तिच्या घड्याळातलं मिनिटही सरलं नाही.
दहाव्या चालीपासून तिची नजर
माझ्या त्या घोड्यावर.
तेव्हा कळलं, पोरगी मला वाचून आलीय.
कुठल्याशा रात्री, कदाचित जेवताना,
तिने उघडला असणार तो एकटा डाव
आणि मनात म्हटलं असणार, हा माणूस इथे चुकतो.

हत्ती खेळायचा होता. मला ठाऊक होतं.
इंजिन वर्षभर हत्ती, हत्ती म्हणतंय.

मी घोडा कडेला ठेवला.

तिला हसू आवरेना, तरी तिने आवरलं.
तिची पंधरावी चाल आली तीही तीच, रत्नागिरीचीच.
मग मी हाताची घडी घातली
आणि चाळीस मिनिटं उठलो नाही.
फोन बाहेर टेबलावर, पिशवीत, बंद.
कारखान्यात त्या दिवशी दुसरा माणूस.
तेव्हा पटावर काय होतं
ते मी चौदा वर्षांनी पहिल्यांदा नीट बघितलं.
एक प्यादं होतं, ढकलण्यासारखं.
ढकललं.

तिने बाटलीचं झाकण लावलं.
खुर्ची पुढे ओढली.
आता तिच्याकडेही काही नव्हतं,
माझ्याकडे तर नव्हतंच.
ऐंशी लाखांत कुणी इथवर आलेलं नाही.

हरलो. एक्केचाळिसाव्या चालीला, हत्तींच्या शेवटात.
सही करताना ती म्हणाली,
"काका, तो घोडा परत कित्याक?"
मी म्हटलं, एक बघायचं राहिलं होतं.
"मगे दिसला?"
थोडा, म्हटलं.

आज कुडाळचे डाव आलेत.
चौदाव्या चालीसमोर आता आकडा दोन,
पट्टी तशीच, पांढरीफटक.
ळ याही वेळी नाही.
पहाटेचे चार. बाहेर दाजीचा टेम्पो हॉर्न देतोय.
लॅपटॉप उघडाच ठेवून
मी पहिला डबा पाण्यात बुडवतो,
लादी सुटायला जरा वेळ लागतो.