उशिराचा बेस

सफरचंदांच्या शेडमध्ये केला आम्ही तो अल्बम.
टास्मानियात, ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला,
जून संपत आलेला, फळं केव्हाच बोटीवर चढलेली.
रिकाम्या पेट्या रचून मी तिच्याभोवती भिंत घातली,
भिंतीत मायक्रोफोन टांगले.
आजही हेडफोन चढवले की पहिल्या गाण्याला
आंबूस वास येतो. तुम्हाला नाही येणार.

मेरिन टलक. वय एकेचाळीस. बँड नाही.
"माणसं परवडत नाहीत," म्हणाली, आणि हसली नाही.
मांडीवर आडवी गिटार, बोटात बाटलीची कापलेली मान,
पायाखाली जुन्या दाराची फळी,
तिच्यावर टाच आपटायची, तोच ड्रम.
बँजो. हार्मोनिका. सहा तारांची उरलेली मँडोलिन.
चर्चने काढून टाकलेला पायपेटीचा ऑर्गन,
ज्याची एक पट्टी दाबली की भलतीच उसासते.

एकटीने सगळं वाजवायचं म्हणजे
सोमवारच्या स्वतःला गुरुवारी उत्तर द्यायचं.
सोमवारची मेरिन बहुधा चिडलेली असायची.
गुरुवारची तिची समजूत काढायची,
कधी तिच्याहून वरच्या पट्टीत भांडायची.
मी उपड्या पेटीवर, गुडघ्यावर वही, शिंक दाबून.
चौथ्या गाण्यात ट्रॅक्टर शिरला.
"राहू दे, सुरात आहे," म्हणाली.
होताही. साधारण.

बेसचं मात्र उद्यावर जात राहिलं.
तारा बदलायच्यात. बोट कापलंय. आज उजेड बरा नाही.
(बेसला उजेड कशाला लागतो, मी विचारलं नाही.)
शेवटच्या दिवशी तिने खोक्यातून काढला.
पट्टा कुणा उंच माणसाच्या मापाचा.
तो आखडून न घेता तशीच उभी राहिली,
वाद्य गुडघ्यांशी लोंबतंय.

वाजवला, आणि प्रत्येक समेला केसभर मागे.
टाच पडून जायची, मग बेस यायचा,
जेवायला हाक मारली की
"आलोच" म्हणून हात धुवायला जाणाऱ्यासारखा.

मी टेप थांबवली. उशीर होतोय.
"माहितेय."
परत घ्यायचा?
"ईवन असाच वाजवायचा. अकरा वर्षं
शिव्या घातल्यात मी त्याला ह्या उशिरापायी."

ईवन म्हणजे भाऊ.
बाग विकायची की नाही, ह्यावरून फाटलं,
हे खोऱ्यात शेळ्यामेंढ्यांनाही ठाऊक.
त्याचा अर्धा भाग आता चेरीवाल्यांकडे, पांढऱ्या जाळ्यांखाली.
शेड तिच्याकडे राहिली.
मी वहीत लिहिलं: बेस, पहिलाच टेक, ठेवला.

कव्हरचा मजकूर तिने पेन्सिलने दिला.
सर्व वाद्यं: मेरिन टलक.
खाली, वेगळ्या ओळीत, बेस: ईवन टलक.
अगं, हे खोटं आहे, मी म्हणालो.
ती कोपरावर वायर गुंडाळत होती.
"बोटं माझी," म्हणाली, "उशीर त्याचा."

सप्टेंबरात माउंट आयझाहून कार्ड आलं,
खाणीचं चित्र, मागे एवढंच:
बेस दबलाय. मिक्सिंग कोणत्या गाढवाने केलं?

गाढवाने दुसऱ्या खेपेला तो दोन डेसिबल वर घेतला.
मेरिनने डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.
"झालं," म्हणाली, "आता हा डोक्यावर बसणार."