तीन मिनिटं

तीस वर्षं कानांनी भाकर कमावली.
हेडफोन लावून एक्स्चेंजमध्ये बसायची,
गोंदिया बोला, चांदा बोला,
लाइन बिझी आहे, थांबा जरा.
आता वाठोड्याला, घरामागच्या सीताफळाखाली
सात कोंबड्या आणि एक कोंबडा.
ऐकायची सवय काही सुटत नाही.

सकाळी खुराड्याची फळी काढते.
आधी बाहेर येते ती काबरी,
मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहते,
जशी मीच शिफ्टला उशिरा आली.
मग बाकीच्या, ढकलाढकली करत,
पंख झाडत, एक तंगडी मागे लांब ताणत.
कनकीची मूठ उघडते
आणि अंगणभर टिपटिप सुरू होते,
कोणी कोणाची वाट पाहत नाही.

कोंबडीजवळ शब्द थोडेच, पण एकही वाया जात नाही.
टुक टुक टुक : किडा सापडला, या लवकर.
लांब ओढलेला क्र्र्र : वर घार आहे.
त्यासरशी सगळ्या कण्हेरीखाली
आणि अंगण एकदम डेड.
अंडं घातल्यावरची ती बोंब तर
साऱ्या गल्लीला अर्जंट कॉल,
पक पक पक पकाऽक,
चहा उतू जाऊ दे, पण उचलावाच लागतो.
तणसात हात घालते. ऊबदार, जरासं ओलसर,
बाजूला एक बारीक पीस चिकटलेलं.
आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेते
आणि गालाला लावते.

शेजारचे हेडाऊ म्हणतात,
अहो ताई, दुकानात ट्रेच्या ट्रे मिळतात,
काहून हा उपद्व्याप?
खरं आहे बाप्पा.
सांबार त्या उगवू देत नाहीत,
मेथीचा वाफा परवाच उकरून ठेवला,
ओसरीवर रोज खराटा.
दर बुधवारी मी त्यांच्या नातीला, शर्वलीला,
दोन अंडी देते,
म्हणून त्यांची तक्रार पुरी होत नाही.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर चढतो,
अख्खं नागपूर दारं लावून घेतं.
तेव्हा कूलरच्या मागे, जिथे टाकी ठिबकते,
तिथे ओल्या मातीत खड्डे करून
सातही जणी बसतात,
चोची उघड्या, पंख अंगापासून जरा दूर धरून.
आत चटईवर मी, वाळ्याच्या वासात.
मधे फक्त एक पत्रा.
दुपारभर आमच्यात एक शब्द होत नाही.

यंदा संक्रांतीच्या सुमारास काजळी खुडूक झाली.
अकरा अंड्यांवर बसली ती बसलीच,
पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून,
कनकीलाही उठेना.
टोपलीभोवती मी जुनं पोतं गुंडाळलं.
कॅलेंडरवर खुणा केल्या, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

विसाव्या दिवशी ती जराशी दाणे टिपायला उठली,
तेवढ्यात एक अंडं उचललं.
काय वाटलं कोण जाणे,
डाव्या कानाला लावलं,
हेडफोन असायचा त्याच.
आधी काहीच नाही.
मग आत, फार लांबून,
चंद्रपूरच्याही पलीकडून यावा तसा,
एक आवाज.
ची.
पुन्हा, ची, ची.
कवच अजून साबूत. तडा नाही, भोक नाही,
आणि आतून कोणीतरी बोलतंय.

रिटायर होऊन नऊ वर्षं झाली,
तरी तोंडून निघून गेलं : बोला,
लाइन चालू आहे.

काजळी धावत आली.
तिनं अंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
घशातल्या घशात काही पुटपुटली
आणि आतून लगेच उत्तर आलं.
मी मधे बसलेली, कानाला अंडं,
दोघांचंही ऐकत,
जे नियमात कधीच नव्हतं.

मग तिनं माझ्या मनगटावर खणकन चोच मारली.
बरोबर आहे.
तीन मिनिटं झाली होती.