हेइमा

सोहारच्या स्मेल्टरमध्ये पहाटे तीनला
भट्ट्यांचं तापमान लिहून झालं की
थोरदीस करकचा कागदी कप धरून शब्द शिकवते.

इंग्रजांचा स्टोन्स थ्रो,
तिचा स्टेइन्सनार. तिकडेही दगडच फेकतात.
आम्ही हाक मारतो, म्हणालो,
हाकेच्या अंतरावर.
"आणि हाक पोचली नाही तर?"
तर रिचार्ज.
ती हसली नाही.

मग टेबलावरच्या धुळीत तिने बोटाने लिहिलं:
हेइम, हे निघालेल्याने म्हणायचं.
हेइमा, पोचलेल्याने.
मधे एवढासा आ.
तो ओलांडायला तिला तीन विमानं लागतात,
मला ठेकेदाराची सही.

"तुमच्यात?"
घरी जातोय. घरी आहे.
मी दोनदा पुटपुटून पाहिलं.
एकच निघाला.
"म्हणजे तुमच्यात अंतरच नाही," थोरदीस म्हणाली.

आहे की.
देवरुखच्या स्टँडवर, बॅग टपावर चढवताना
सासरे कानाशी येऊन म्हणाले होते,
पोरीला अंतर देऊ नका.
याचं इंग्रजी करायला बसलो,
डिस्टन्सपर्यंत आलो,
तेवढ्यात एकशे चार नंबरच्या भट्टीचा
अलार्म वाजला.