पावणेअकरा मिली

रजा संपली एका मंगळवारी.
आस्थापनेतल्या बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं होतं,
रविवार धरतात, सणही धरतात,
आणि बाळ उशिरा आलं तर ते दिवस
तुमच्याच खात्यातून जातात.
रुंजी नऊ दिवस उशिरा आली.

मी कात्रजजवळच्या डेअरीत दूध तपासते.
इंदापूर, दौंड, सासवड. टँकरचं झाकण उघडतं,
दांड्याने खालवर ढवळायचं, बाटलीत नमुना, बाटलीवर नंबर,
नळीत आधी ॲसिड, मग पावणेअकरा मिली दूध,
बूच, मशीन, गरगर.
फॅट तीन पॉइंट आठ. फॅट चार पॉइंट एक.
पाणी घातलेलं मला कळतं.
युरिया घातला तरी कळतो.

पहिल्याच दिवशी साडेअकराला
सासवडच्या टँकरवर चढलेली असताना
खाली ड्रायव्हरचा मोबाइल वाजला.
रिंगटोन : एक बाळ खिदळतंय.
बास, तेवढ्यावर
ॲप्रनला आतून दोन गोल उमटले
आणि मी रजिस्टर छातीशी धरून उतरले,
उतरताना एक पायरी चुकले.

ॲसिडचे कॅन ठेवतात त्या खोलीला कडी नाही.
दाराला खुर्ची लावायची, खुर्चीवर पिशवी,
आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं.
पंप दाबून दाबून अंगठा दुखतो,
तळाला जेमतेम एक रेघ.
मग फोन उघडायचा. फोटोत रुंजी जांभई देतेय.
थोड्या वेळाने धार लागते.

शेवाळे काकांनी एकदा चहा पिताना
सहज सांगितलं होतं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं :
वासरू दगावलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून
गाईपुढे उभं करतात. त्याला भोत म्हणतात.
ती चाटते आणि पान्हा सोडते.
"तिला कळत नाही का हो?"
काका म्हणाले, "कळत असेल की."

नमुन्यांच्या फ्रिजमध्ये सर्वांत खाली, मागे,
माझी बाटली.
गुरुवारी नवीन आलेल्या निनादने ती उचलली,
"मॅडम, ह्यावर नंबर नाही. कुठला रूट?"
लॅबमध्ये फक्त मशीन फिरत होतं.
शेवाळे काकांनी मानसुद्धा वर केली नाही.
"धनकवडी रूट," म्हणाले, "ठेव परत. ते पास आहे."

पण सासूबाई म्हणतात, पातळ आहे गं तुझं, पोरगी भरत नाही.
हळीव झाले, डिंक झाला, शेपू झाली,
शतावरीचा डबा संपला, दुसरा आला.
त्या वाईट नाहीत. दिवसभर तिला त्याच तर सांभाळतात,
माझंच दूध वाटीचमच्याने पाजतात
आणि चमचा उंच धरून धार न्याहाळतात.

शनिवारी सगळे गेल्यावर मी पिपेट घेतली.
पावणेअकरा मिली म्हणजे तिचे तीनचार घोट,
ॲसिडच्या खोलीतली बारा मिनिटं.
तरी घेतलं.
नळी हातात तापली, इतरांची तापते तशीच.
आतलं दूध आधी तपकिरी झालं, मग काळं,
आणि फिरून आल्यावर वर पिवळा, स्वच्छ थर.
मी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला, नियमाने,
पुन्हा वाचला.
रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता.
सासूबाईंना मी काही बोलले नाही.
बोलायचं ठरवून निघाले होते खरं तर,
के.के. मार्केटच्या सिग्नलपर्यंत वाक्यही जुळवलं होतं.

घरी रुंजीने तोंड फिरवलं.
माझ्या हातांना स्पिरिटसारखा वास येतो, साबणाने जात नाही.
तिने वास घेतला, रडली, सासूबाईंकडे झेपावली.
मी ओट्यावरची भांडी लावली, एकेक,
जरुरीपेक्षा सावकाश.

रात्री पावणेदोनला, अंधारात, अर्धवट झोपेत
ती स्वतःच शोधत आली.
ओढ लागली तशी दोन्हीकडून एकदम सुटलं,
एक बाजू तिला, एक बाजू गादीला.
तिच्या गळ्यातून येणारा गुटुक गुटुक आवाज
मी मोजायला लागले
आणि चौदाला थांबले.

उद्या सहाची पाळी आहे.
ॲप्रन दोरीवर आहे, अजून दमट.