बारा सेकंद

हमदुलेशेठना पहिल्याच पानावर सगळं हवं होतं:
गरगरणारं बोधचिन्ह, ड्रोनमधून दिसणारी खाडी,
एक सोनेरी उंट
(दोरखंडाच्या दुकानाला उंट कशाला, विचारलं नाही,
ॲडव्हान्स घेतला होता)
आणि मागे ढोल.

केलं. शारजाच्या ऑफिसात, एसीखाली,
ते लोण्यासारखं चाललं.
मग देऱ्याच्या धक्क्यावर, गलबतांच्या रांगेत,
एका खलाशाने आपल्या तडकलेल्या फोनवर उघडलं.
पांढरं कडं फिरत राहिलं.
मी मनात मोजत होते.
नऊ म्हणेपर्यंत त्याने फोन खिशात टाकला
आणि शेजारच्या दुकानात शिरला.
दोर घ्यायला.

त्या रात्री उंट गेला. ढोल गेला. खाडीही पुसली.
उरले दाऊदचाचा, बाणकोटचे,
दुकानामागच्या स्टुलावर बसलेले.
चाचाही नाहीत, नुसते हात:
तुटलेल्या दोराचे पेड उलगडतात,
एकात एक ओवतात, दातओठ खाऊन आवळतात.
उजव्या हाताला करंगळी नाही.

"तेवढं बोट लावून टाक," शेठ म्हणाले,
"कॉम्प्युटरवर होतं ना सगळं?"
होतं.
चाचा तिकडूनच बोलले, मान वर न करता,
"असूं दे. दोर काय चीज आहे,
बघणाराला कळंल तरी."

आवाज ठेवला नाही.
आधी एक स्थिर चित्र येतं, हलकं, तिळाएवढं;
नेटला दम असेल तरच हात हलू लागतात.
दुकानाचा नंबर तेवढा जागचा हलत नाही.

बाराव्या सेकंदाला पुन्हा पहिला जोडायचा होता.
तो सांधा लपवायला मला तीन दिवस लागले.
चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला,
फोन नाकाशी धरून चारदा बघितलं:
"कुठं जोडलंस गं?"
या देशात माझं एवढं कौतुक
दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मार्चात चाचांचा व्हिसा संपला.
बाणकोटला गेले, कायमचे.
फोन आता रोज येतात.
गिऱ्हाईक विचारतं,
दोर जोडून तोच माणूस देईल ना,
तो, चार बोटांचा?

शेठ रिसीव्हरवर तळवा ठेवून माझ्याकडे बघतात.
मी पडद्याकडे.
अकरा. बारा.
एक.