संपर्क झाला नाही

नमस्कार, साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून कांचन बोलतेय.
तुमच्या गाडीची एअरबॅग बदलून द्यायची आहे.
पन्नास मिनिटं लागतात. पैसे नाहीत.

पैसे नाहीत म्हटलं की समोरचा सावध होतो.
मग काय गळ्यात मारताय, विचारतो.
एकानं फोन बायकोला दिला,
तिनं कुकरची शिट्टी ऐकवली.
एक बाई म्हणाल्या, बारा वर्षं झाली गं,
एकदाही फुगली नाही बिचारी.
मी म्हटलं, न फुगो.

माझ्या कागदावर आहे:
इन्फ्लेटरमध्ये दोष असण्याची शक्यता.
शक्यतावर जोर द्यायचा नाही, असं ट्रेनिंगला सांगितलंय.
स्टिअरिंग उघडतो तो इब्राहिम मुकादम
डबा खाताना निराळंच सांगतो:
उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना आपल्याकडे,
तशी आतली दारू.
या दमट हवेत वर्षानुवर्षं बसून बसून सटकते.
मग पिशवी फुगायच्या वेळी डबीच फुटते.
पत्र्याचे तुकडे. गळ्याच्या उंचीला.
एवढं बोलून त्यानं मला सुक्या बोंबलाची चटणी वाढली.

काढलेले पॅड त्याच्या टेबलावर ओळीनं पडलेले असतात.
हॉर्नच्या खाचेत कुंकू,
दर दसऱ्याला काढलेलं स्वस्तिक
बरोब्बर त्या डबीवर.
एकावर सेंट अँथनी, एकावर ७८६,
एकावर कुणा पोरानं बॉलपेननं काढलेला मासा.
तो पॅड भरताना इब्राहिम जरा थांबला.
नवीन बसवला मी, म्हणाला, पण मासा कुठून आणू?

यादीत एकशे त्र्याण्णव नावं होती.
आता एक राहिलंय, सत्तेचाळीसावं.
राखाडी गाडी, फिलोमिना डिमेलो, ऑर्लेम.

विकली बाळा, मिस्टर गेले त्या वर्षी,
मीरा रोडच्या एजंटला.
एजंट म्हणाला, ती होय, क्लासवाल्या सरांनी नेली, विरारला.
सर म्हणाले, मेहुण्याच्या दोस्ताला दिली.
कागद? कागद त्या बाईंच्याच नावावर असतील अजून.
दोस्ताचा नंबर बंद.

आता फिलोमिनाबाईच मला फोन करतात.
सापडली का गं?
ग्लव्हबॉक्स नीट लागत नाही तिचा,
दोन बोटांनी वर उचलून दाबायचा,
त्यांना सांग हं.

माझा स्वतःचा नंबर सांगताना मी अडखळते,
त्या गाडीचा झोपेतही बिनचूक येतो.
शनिवारी पवईच्या सिग्नलला दिसली.
राखाडी, शेवटचे तीन आकडे तेच.
रिक्षातून उतरून काच वाजवली.
आतल्या माणसानं माझ्याकडे न बघताच
तळहात हलवला, नको, नको.
माझ्या हातात विकायला काही नव्हतं.
साहेब, म्हटलं, फुकट आहे.
काचेच्या आत एसी चालू होता,
मागच्या सीटवर एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती.
स्टिअरिंगवर ताजं कुंकू.

मग पुढची पाटी नीट वाचली.
पहिलाच आकडा वेगळा.
ही गाडी आपली नव्हे, एवढ्यानं मला बरं वाटलं
आणि लगेच स्वतःचाच राग आला.
सिग्नल सुटला. मागून रिक्षावाला,
मॅडम, मीटर चालू आहे.

सोमवारी साहेब म्हणाले, यादी वर पाठवायचीय,
सत्तेचाळीसपुढे लिहा, संपर्क झाला नाही.
लिहिलं.
नंतर मध्ये ‘अजून’ बसतो का ते पाहिलं.
रकाना अरुंद होता.