चिठ्ठी

ऑगस्टमध्ये व्हर्लिन म्हणाला, नऊ जिंकतील.
डेलबर्ट म्हणाला चार; क्वार्टरबॅकचा गुडघा काही खरा नाही.
बिलाच्या पाठीवर आकडे लिहून सह्या केल्या
आणि चिठ्ठी दिली माझ्याकडे:
"तुला यातलं ओ की ठो कळत नाही, तूच सांभाळ."

आता नोव्हेंबर. वूस्टरच्या या कॅफेत
काचांना आतून घाम फुटलाय.
कॉलेजचा संघ सहा जिंकला, चार हरला.
डेलबर्ट म्हणतो, मी सहाच म्हणालो होतो.
व्हर्लिन म्हणतो, सहा माझे!
तू तर पोरांना ऑगस्टातच मातीत घातलं होतंस.
मूठ आपटते, मिरपूड सांडते,
दोघेही वळतात:
काढ गं चिठ्ठी.

चिठ्ठी सप्टेंबरातच
ॲप्रनच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली.
बोराएवढा लगदा हाती आला.
आकडे मला पाठ आहेत. दोन्ही.

"घरी राहिली," म्हणते मी, "उद्या आणते."
गेले तीन शनिवार हेच.
कॉफी ओतताना दिसतं,
दोघांचे खांदे जरा सैल पडलेत.

व्हर्लिन गाडी काढायला गेला
की डेलबर्ट टोपी चाचपत थांबतो,
सुट्टे मोजतो, पुन्हा मोजतो.
"हरवली असली," म्हणतो, "तरी चालेल हं."